संदेष्ट्यांच्या ग्रंथांतील न्याय व दया यांचे वाचन कसे करावे

यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातील ११ वे वचन बहुतेक ख्रिस्ती वाचकांना पाठ असते. तुमच्याविषयी माझ्या मनात असलेले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर तेथे सांगतो. दिनदर्शिकांवर आणि शुभेच्छापत्रांवर ते छापले जाते. त्याच्या लगेच आधीचे १० वे वचन मात्र सहसा कोणी उच्चारत नाही, कारण त्यात बाबेलातील सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलाचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून ज्यांना धरून नेले, त्यांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातील हा मजकूर आहे. ते पत्र ऐकणारा माणूस तेव्हा तिशीत असेल, तर परतीचा दिवस त्याला स्वतःला दिसण्याची आशा जवळजवळ नव्हतीच. तो त्याच्या मुलानातवंडांसाठी राखून ठेवलेला होता. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून, दोन वर्षांत सारे काही परत येईल, असे सर्वांसमक्ष सांगतो. त्यावर यिर्मया आधी ‘आमेन, परमेश्वर तसेच करो’ असे म्हणतो, कारण त्यालाही तेच हवे असते. तरीही हनन्या खोटा ठरतो. तो दयेविषयी बोलला हा त्याचा दोष नव्हता. शिक्षेला वळसा घालून येणारी दया त्याने लोकांना देऊ केली, हा त्याचा दोष होता.

संदेष्ट्यांचे ग्रंथ वाचू पाहणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने पहिल्यापासून लक्षात ठेवण्याची गोष्ट याच दोन अध्यायांत आहे. या ग्रंथांत न्याय आणि दया हे दोन निराळे विषय नाहीत, आणि एकाच्या बाजूने उभे राहून दुसऱ्याला टाळता येत नाही. दया न्यायाच्या आतून वाट काढत येते, आणि ती वाट नेमकी कोठे निघते हे शोधणे म्हणजेच या ग्रंथांचे वाचन. ते कसे करावे, याची एक पद्धत पुढे मांडली आहे.

आधी निर्गम ३४ वाचावे

आरंभ यशयापासून करू नये, आमोसापासूनही नव्हे. निर्गम ३४:६-७ ही दोन वचने प्रथम वहीत उतरवून घ्यावीत. सोन्याच्या वासराच्या प्रकरणानंतर सीनाय पर्वतावर परमेश्वर मोशेपुढून जातो आणि स्वतःच्या नावाचा उच्चार करतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, प्रेमदया व सत्य यांनी भरलेला, हजारोंवर दया करणारा, पापाची क्षमा करणारा, परंतु अपराध्याला निर्दोष म्हणून मुळीच न सोडणारा. विधान एकच असले तरी त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात, आणि पुढच्या शतकांत संदेष्टे ते पुन्हा पुन्हा हाती घेतात. कोण कोणता भाग घेतो आणि कोणता गाळतो, हे तपासणे हा या अभ्यासातील मला सर्वांत फलदायी वाटलेला व्यायाम आहे.

योएल २:१३ मध्ये पहिला भाग येतो आणि दुसऱ्या भागाच्या जागी ‘अनिष्ट करण्याविषयी अनुताप पावणारा’ असे शब्द येतात. योना ४:२ मध्ये जवळजवळ तेच शब्द आहेत, पण तेथे ते तक्रारीच्या सुरात आहेत: तू असा आहेस हे मला ठाऊक होते, म्हणूनच मी तार्शीशाला पळालो. नहूम १:३ मध्ये ‘मंदक्रोध’ हा शब्द राहतो, परंतु त्याच्यामागोमाग अपराध्याला न सोडण्याचा भाग ठणकावून येतो. मीखा ७:१८-२० मध्ये क्षमा इतकी ओसंडते की पापे समुद्राच्या तळाशी टाकली जातात. योना आणि नहूम हे दोघेही निनवेविषयीच बोलतात, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. एकाच्या ग्रंथात ते नगर पश्चात्तापाने गोणपाट नेसून वाचते. दुसऱ्याच्या ग्रंथात त्याचा नाश जाहीर होतो, आणि इ.स.पू. ६१२ मध्ये ते खरोखरच पडले. नगर तेच आणि देवाचे नावही तेच होते. दोन उच्चारांमधल्या काळात निनवेने काय केले, हा प्रश्न वाचकाने येथे विचारायचा असतो.

ग्रंथ कोणत्या आपत्तीच्या अलीकडचा आणि कोणत्या पलीकडचा

यासाठी तीन कालखंड लक्षात असले तरी पुरते. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूराने शोमरोन घेतले आणि उत्तरेचे राज्य संपले. इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलाने यरुशलेम व मंदिर जाळले. इ.स.पू. ५३८ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने परतीची परवानगी दिली आणि इ.स.पू. ५१६ च्या सुमारास दुसरे मंदिर पूर्ण झाले. आमोस, होशेय, मीखा व यशया पहिल्या आपत्तीच्या छायेत बोलतात. सफन्या, हबक्कूक, यिर्मया व यहेज्केल दुसरीच्या. हाग्गय, जखऱ्या व मलाखी परतीनंतर. अभ्यासकांमध्ये तपशिलाचे वाद आहेत, विशेषतः यशयाच्या उत्तरार्धाविषयी, पण वाचनाला लागण्यासाठी ते सुटण्याची वाट पाहावी लागत नाही.

हा क्रम का महत्त्वाचा, ते यहेज्केलात सर्वांत स्पष्ट दिसते. ३३:२१ मध्ये एक निसटलेला माणूस येऊन ‘नगर पडले’ असे सांगतो. त्या वार्तेपर्यंत या संदेष्ट्याचा सूर प्रामुख्याने आरोपाचा असतो. त्यानंतर मेंढपाळाचा अध्याय येतो, नव्या हृदयाचे वचन येते, शुष्क अस्थींचे खोरे येते. नगर उभे असताना जे सांत्वन फसवणूक ठरले असते, तेच ते पडल्यावर देवाचे वचन झाले. म्हणून कोणताही उतारा वाचताना समासात एवढे लिहून ठेवावे: हे ऐकणाऱ्यांचे घर अजून उभे आहे की जळून गेले आहे?

आरोपपत्र शोधावे

संदेष्टे अनेकदा न्यायालयाची भाषा बोलतात. इब्री भाषेत अशा फिर्यादीला ‘रीव’ असा शब्द आहे. मीखा ६ मध्ये डोंगर साक्षीला बोलावले जातात, यशया १ मध्ये आकाश आणि पृथ्वी. अशा ठिकाणी शिक्षेचे वर्णन वाचून घाबरण्याआधी आरोप काय आहे ते नेमके काढावे. आमोसाच्या ८ व्या अध्यायात तो इतका तपशीलवार आहे की चुकीच्या अर्थाला वावच राहत नाही: माप लहान केले जाते, वजन जड केले जाते, तराजू खोटा असतो, भुसकट धान्य म्हणून विकले जाते आणि जोडाभर पायतणांसाठी गरिबाला विकत घेतले जाते. मीखा २ मध्ये काही माणसे रात्री अंथरुणावर पडून शेत बळकावण्याचा बेत करतात आणि उजाडताच तो तडीस नेतात.

येथे ‘मिश्पात’ या इब्री शब्दाकडे वळावे लागते. मराठीत त्यासाठी ‘न्याय’ हा शब्द येतो आणि सुदैवाने तो दोन्ही अर्थ पेलतो: न्यायाधीशाने दिलेला निकाल, आणि ज्याचे त्याला मिळणे. आपण ‘देवाचा न्याय’ म्हटले की बहुधा पहिलाच अर्थ घेतो आणि त्यातही केवळ शिक्षेचा. परंतु ज्या विधवेचे शेत गेले आहे, तिने ‘देव न्याय करणार आहे’ हे ऐकले तर ती घाबरेल की सुटकेचा श्वास सोडेल? तिच्यासाठी न्याय हीच दया आहे. जो वाचक संदेष्ट्यांच्या रागाने अस्वस्थ होतो, त्याने एकदा तोच उतारा ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या जागी बसून वाचावा. देवाचा क्रोध हा मनाची लहर राहत नाही; कोणाच्या तरी आक्रोशाला दिलेले ते उत्तर असते. यशया ५:७ मधील शब्दखेळ नेमका हेच सांगतो: परमेश्वराने ‘मिश्पात’ची वाट पाहिली तर ‘मिस्पाख’ म्हणजे रक्तपात दिसला, ‘त्सेदाका’ची म्हणजे नीतिमत्त्वाची वाट पाहिली तर ‘त्सेआका’ म्हणजे आक्रोश कानी आला. शब्दांचा हा आवाज भाषांतरात हरवतो, म्हणून तो मुद्दाम माहीत करून घ्यावा.

आमोसाचे पहिले दोन अध्याय आरोपपत्राच्या बाबतीत वाचकाला सापळ्यात पकडतात. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब अशी शेजाऱ्यांची नावे एकामागून एक येतात. उत्तरेचा श्रोता समाधानाने मान डोलावत असणार. मग यहूदा येतो आणि सर्वांत शेवटी, सर्वांहून लांब, खुद्द इस्राएल. ३:२ मध्ये कारणही दिले आहे: पृथ्वीवरील सर्व कुळांपैकी मी फक्त तुम्हांला ओळखले, म्हणून तुमच्या दुष्कर्मांबद्दल मी तुम्हांला शासन करीन. जवळीक ही येथे सूट ठरत नाही. तिच्यामुळेच चौकशी अधिक कडक होते.

‘म्हणून’ या शब्दाखाली रेघ मारावी

इब्री ‘लाखेन’ म्हणजे ‘म्हणून’ किंवा ‘यास्तव’. संदेष्ट्यांच्या बोलण्यात आरोप आधी येतो, नंतर हा शब्द, आणि त्यानंतर निकाल. हा साचा ओळखीचा झाला की तो कोठे मोडतो ते आपोआप दिसू लागते. आणि होशेयाच्या दुसऱ्या अध्यायात तो अशा रीतीने मोडतो की मी त्याहून मोठे आश्चर्य या सबंध साहित्यात दुसरीकडे पाहिलेले नाही.

तेथे इस्राएल ही बेइमान पत्नी आहे. पहिला ‘म्हणून’ २:६ मध्ये येतो: म्हणून मी तिच्या वाटेवर काट्यांचे कुंपण घालीन. दुसरा २:९ मध्ये: म्हणून मी माझे धान्य, माझा द्राक्षारस, माझी लोकर व ताग परत घेईन. मग आरोप शिगेला पोहोचतो. ती नटूनथटून आपल्या वल्लभांमागे गेली आणि मला विसरली, असे परमेश्वर म्हणतो. आता तिसरा ‘म्हणून’ येतो, आणि साच्याप्रमाणे येथे शेवटचा घाव पडायला हवा. परंतु २:१४ म्हणते: म्हणून पाहा, मी तिचे मन वळवीन, तिला रानात नेईन आणि तिच्या मनाशी बोलेन. शब्द तोच, जागा तीच आणि आरोपही कायम, तरी निकाल उलटा. दयेसाठी कोणतेही नवे कारण दिलेले नाही. ती पस्तावली म्हणून, असे तेथे लिहिलेले नाही. ती विसरली, म्हणून. (इब्री प्रतींत या अध्यायाचे वचनक्रमांक दोनने पुढे असतात, तेव्हा टीकाग्रंथ पडताळताना गोंधळू नये.)

तरीही शिक्षा रद्द झालेली नाही, हे त्याच वचनातून दिसते. रान हे ओसाड ठिकाण आहे. तेथे जाणे म्हणजे धान्य, द्राक्षारस, लोकर सारे गमावणेच. शिक्षेचे ठिकाण आणि प्रेमाच्या संभाषणाचे ठिकाण एकच निघते. पुढे अखोर खोऱ्याचे नाव येते, जेथे यहोशवाच्या काळात आखानाला दगडमार झाला होता; ते खोरे आशेचे दार होईल असे होशेय म्हणतो. दार दुसऱ्या एखाद्या, सोईस्कर खोऱ्यात बसवलेले नाही.

होशेयाच्या अकराव्या अध्यायात हीच गोष्ट अधिक खोल जाते. एफ्राईमा (म्हणजे इस्राएला), मी तुला कसा सोडू, तुला अदमासारखा कसा करू, सबोयिमासारखा कसा करू, असे परमेश्वर स्वतःलाच विचारतो. अदमा व सबोयिम ही सदोम व गमोरा यांच्याबरोबर नष्ट झालेली नगरे होती; अनुवाद २९:२३ मध्ये चौघांची नावे एकत्र येतात, आणि तेथील नाशासाठी ‘हाफख’ म्हणजे उलथणे हे क्रियापद वापरले आहे. होशेय ११:८ मध्ये तेच क्रियापद पुन्हा येते, परंतु या वेळी उलथते ते देवाचे हृदय: माझे हृदय माझ्या ठायी उलथले आहे. नगरावर यायचे उलथणे देवाने आपल्या अंतःकरणात घेतले, असे म्हणण्याइतके हे शब्द धीट आहेत. पुढच्या वचनात कारण दिले आहे की मी देव आहे, मनुष्य नव्हे. तुझ्यामध्ये असलेला पवित्र प्रभू आहे. आपण पावित्र्याला शिक्षेचे कारण मानतो, तर होशेय ते न संपवण्याचे कारण म्हणून सांगतो. आणि तरीही शोमरोन पडलेच. दयेने तलवार थांबवली नाही. तलवारीनंतर काहीच उरू नये, एवढे मात्र तिने होऊ दिले नाही.

योनाच्या तोंडचा संदेश हा याच क्रियापदावर उभा आहे. इब्रीत तो अवघ्या पाच शब्दांचा आहे: आणखी चाळीस दिवसांनी निनवे उलथून जाईल. उलथणे म्हणजे नष्ट होणे, आणि उलथणे म्हणजे आमूलाग्र पालटणेही. ज्या अर्थाने योनाने ते उच्चारले त्या अर्थाने ते खरे झाले नाही, याचाच त्याला राग आला असावा.

न लिहिलेला ‘जर’

योनाच्या पाच शब्दांत अट नाही. मीखा ३:१२ मध्येही नाही: सीयोन शेतासारखी नांगरली जाईल. मग हे भाकीत तेव्हा फसले असे म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्रातच, यिर्मया २६ मध्ये मिळते. यिर्मयाने मंदिराविरुद्ध भाषण केल्यावर लोक त्याला ठार मारायला निघतात. तेव्हा काही वडील उठून मीखाचे हेच वचन नावानिशी उद्धृत करतात आणि विचारतात, हिज्कीया राजाने त्याला मारले काय? त्याने परमेश्वराचे भय धरले, आणि परमेश्वराने ते अनिष्ट आणण्याविषयी अनुताप केला. सुमारे शंभर वर्षांपूर्वीचे न घडलेले भाकीत एका माणसाचे प्राण वाचवते. (त्याच अध्यायाच्या शेवटी उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याला यहोयाकीम राजा तलवारीने मारतो, शास्त्र अशा गोष्टी लपवत नाही.)

यामागचा नियम यिर्मया १८:७-१० मध्ये, कुंभाराच्या घरी सांगितलेला आहे: ज्या राष्ट्राविषयी मी उपटून टाकण्याचे बोललो ते वळले तर मीही वळेन, ज्याच्याविषयी बांधण्याचे बोललो ते दुष्टपणा करील तर तेथेही मी वळेन. हा नियम दुधारी आहे, हे विसरू नये. म्हणून न्यायाचे वचन वाचताना ते होणार आहे की नाही, एवढ्यावर न थांबता, ते आधीच का सांगितले जात आहे, हा प्रश्न विचारावा. ज्याला केवळ मारायचे आहे तो इशारा देत नाही. दुष्टाच्या मरणाने मला संतोष होत नाही, त्याने वळावे आणि जगावे, असे यहेज्केल ३३:११ मध्ये शपथेवर सांगितले आहे.

तरी वळण्याची वेळ संपू शकते. आमोसाच्या सातव्या अध्यायात टोळ आणि अग्नी असे दोन दृष्टान्त होतात. दोन्ही वेळा आमोस विनवणी करतो की याकोब लहान आहे, तो कसा टिकेल, आणि दोन्ही वेळा परमेश्वर थांबतो. तिसऱ्या, ओळंब्याच्या दृष्टान्तात आमोस काय दिसते तेवढे सांगतो, विनवणी मात्र करत नाही. त्यानंतर लगेच बेथेलचा याजक अमस्या येऊन, येथे पुन्हा संदेश देऊ नकोस, असे त्याला बजावतो. विनवणी करणारा जो एकच तोंड उघडत होता, त्याचेच तोंड बंद करण्यात आले, असा या मांडणीचा अर्थ मी घेतो.

ख्रिस्ताकडे केव्हा आणि कसे वळावे

ख्रिस्ती वाचक हे ग्रंथ ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचतो आणि त्यात संकोच करण्याचे कारण नाही. पण उतारा त्याच्या स्वतःच्या काळात पुरता ऐकून घेतल्यावरच हे वळण घ्यावे आणि शक्य तेथे नव्या कराराने दाखवलेल्या वाटेने घ्यावे. ‘मला यज्ञ नको, दया हवी’ हे होशेय ६:६ येशू मत्तय ९:१३ आणि १२:७ असे दोनदा उच्चारतो. यिर्मया ३१ मधील नव्या कराराचे वचन इब्री लोकांस पत्राच्या आठव्या अध्यायात सलग दिले आहे. ‘माझे लोक नव्हेत’ अशी ज्यांची ओळख होती ते ‘माझे लोक’ होतील, हे होशेयाचे शब्द पौल रोमकरांस पत्र ९ मध्ये घेतो आणि १ पेत्र २:१० मध्येही ते घुमतात.

दोन ठिकाणी अधिक वेळ द्यावा. पहिले लूक ४. नासरेथच्या सभास्थानात येशू यशया ६१ वाचतो आणि ‘परमेश्वराच्या प्रसादाचे वर्ष’ या शब्दांवर थांबून गुंडाळी मिटतो. यशयात त्यापुढे ‘आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस’ असे शब्द आहेत. तो दिवस त्याने रद्द केला असे म्हणता येणार नाही, कारण न्यायाविषयी तो पुढे वारंवार आणि कठोरपणे बोलतो. पण त्या दिवशी सभास्थानात कोणता भाग पूर्ण झाला, हे थांबण्याच्या जागेवरून कळते.

दुसरे म्हणजे प्याल्याची प्रतिमा. यिर्मया २५:१५ मध्ये राष्ट्रांना पाजायचा क्रोधाचा प्याला येतो. यशया ५१ मध्ये तो यरुशलेमेने गाळापर्यंत प्यालेला असतो आणि २२ व्या वचनात परमेश्वर तो तिच्या हातातून काढून घेतो. काढून घेतलेला तो प्याला तिला छळणाऱ्यांच्या हाती देईन, असे पुढच्याच वचनात परमेश्वर म्हणतो. नवा करार वाचणाऱ्याला मात्र गेथशेमाने आठवते, जेथे येशू ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी प्रार्थना करून शेवटी पित्याची इच्छा स्वीकारतो. त्याच रात्री, थोडे आधी, भोजनाच्या वेळी त्याने शिष्यांच्या हाती दुसरा प्याला दिलेला असतो, नव्या कराराचा. एका रात्रीतले हे दोन प्याले समोरासमोर ठेवून वाचावेत. तसेच आमोस ८:९-१० मध्ये परमेश्वराच्या दिवसाचे वर्णन भर दुपारी मावळणारा सूर्य आणि एकुलत्या एका मुलासाठी केलेला शोक अशा शब्दांत आले आहे. मार्क १५:३३ मध्ये दुपारी देशभर अंधार पडतो. तो आमोसाचाच दिवस असेल, तर तो धान्याच्या मापात खोट करणाऱ्यांवर न पडता एकुलत्या एका पुत्रावर पडला.

येथे एक धोका सांभाळावा. रागावलेला पिता आणि मध्ये पडणारा प्रेमळ पुत्र, असे चित्र उभे करू नये. ज्याचे हृदय होशेयाच्या अकराव्या अध्यायात उलथले तो पिताच होता. यशया २८:२१ मध्ये न्यायाला परमेश्वराचे ‘विलक्षण’, जणू परके, कार्य म्हटले आहे. मार्टिन ल्यूथरने १५१८ मध्ये हायडलबर्ग येथील वादसभेत याच वचनाच्या आधाराने देवाचे परके कार्य आणि त्याचे स्वतःचे कार्य असा भेद मांडला. विलापगीत ३:३३ तेच अधिक साध्या शब्दांत सांगते: तो मनापासून कोणाला दुःख देत नाही.

कोठे घसरण्याची भीती आहे

दुसऱ्या शतकात मार्सियनने जुन्या कराराचा न्यायी देव आणि येशूचा पिता हे दोन निराळे देव ठरवले. मंडळीने ते नाकारले आणि सुमारे इ.स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. तो सिद्धान्त नाकारूनही ‘जुना करार म्हणजे राग, नवा करार म्हणजे प्रेम’ असे सहज बोलले जाते. असे बोलणाऱ्याला योना ४ आणि प्रकटीकरण ६ लागोपाठ वाचायला द्यावे.

त्याहून गंभीर घसरण म्हणजे शिक्षेची वचने यहूदी लोकांना आणि आश्वासनाची वचने मंडळीला वाटून देणे. ख्रिस्ती इतिहासात या वाचनाने फार मोठे आणि रक्तरंजित नुकसान केले आहे. संदेष्टे आपल्याच लोकांविषयी, रडत, बोलत होते. परक्याने तीच वचने दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हटली की त्यांचा अर्थच पालटतो. इस्राएलाच्या भवितव्याविषयी निरनिराळ्या मंडळ्यांची मते निरनिराळी आहेत, पण रोमकरांस पत्र ११ मधील इशारा सर्वांना लागू आहे: कलम केलेल्या फांदीने मूळ फांद्यांपुढे गर्व करू नये. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो, असे १ पेत्र ४:१७ म्हणते. आरोपपत्रात आपले नाव आधी शोधावे.

तिसरे, भूकंप, पूर किंवा साथ आली की ही वचने उचलून ती कोणाच्या पापाची शिक्षा आहे ते जाहीर करू नये. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी होते काय, या प्रश्नाला येशूने लूक १३ मध्ये ‘नाही’ असे उत्तर दिले आहे, आणि चर्चा ऐकणाऱ्यांच्या पश्चात्तापाकडे वळवली आहे.

चौथी घसरण सर्वांत सोज्ज्वळ दिसते: शेवटच्या गोड वचनाकडे धावत सुटणे. सभास्थानांतील परंपरेत यशया आणि बारा संदेष्ट्यांचा ग्रंथ यांचे शेवटचे वचन कठोर असल्यामुळे त्याच्या आधीचे वचन पुन्हा वाचून समारोप करतात, हे मला नेहमी शहाणपणाचे वाटत आले आहे. त्यात कठोर वचन गाळत नाहीत. ते पूर्ण वाचून मग मागे येतात.

कोणत्या क्रमाने वाचावे

नव्या वाचकाने योना एका बैठकीत वाचावा, मग आमोस सबंध, मग होशेय १ ते ३ व ११ ते १४, मग मीखा. यानंतर यिर्मया २६ ते ३३ हाती घ्यावे आणि त्यानंतरच यशया ४० ते ५५. नहूम आणि ओबद्या शेवटी वाचावेत. ते आधी वाचले तर सूर चुकीचा लागतो. प्रत्येक उतारा निदान एकदा मोठ्याने वाचावा, कारण हे शब्द मुळात ऐकण्यासाठी उच्चारलेले होते. गटात वाचत असाल तर आरोप एकाने आणि उत्तर दुसऱ्याने वाचून पाहावे. मीखा ६ अशा वाचनात जिवंत होतो.

यिर्मया ३२ साठी मात्र एक पूर्ण बैठक राखून ठेवावी. यहूदाचा राजा सिद्कीया याचे दहावे वर्ष आहे, नगराला बाबेलाचा वेढा पडला आहे आणि यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन त्याला अनाथोथचे शेत विकत घ्यायला सांगतो. यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, साक्षीदार घालतो आणि ते खत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो. या देशात घरे, शेते व द्राक्षमळे पुन्हा विकत घेतली जातील, असे वचन त्याला मिळालेले असते. व्यवहार उरकल्यावर मात्र तो प्रार्थनेला बसतो, आणि ती प्रार्थना २५ व्या वचनात येऊन अडखळते: हे प्रभू परमेश्वरा, तू मला शेत विकत घे म्हणालास, आणि नगर तर खास्द्यांच्या (म्हणजे बाबेलकरांच्या) हाती गेले आहे. त्याने पैसे आधी दिले आणि प्रश्न नंतर विचारला. उत्तर २६ व्या वचनापासून सुरू होते, आणि त्यात आधी नगर जाळले जाण्याचे वर्णन आहे.